दुखण्याच्या गोळीची बेगमी

मृग नक्षत्र लागावयाच्या आधी पंधरवडाभर शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिम भागात दरवर्षी एक लगबग चालते. घरे शाकारली जातात, जळणाचे भारे आणि शेणी कोरड्या जागी रचल्या जातात, जनावरांची वैरण आत घेतली जाते. मीठ, गोडेतेल, काडेपेट्या, चहा-साखर असा दोन महिन्यांचा जिन्नस मलकापूरच्या नाहीतर बांबवड्याच्या बाजारातून वाडीवर पोहोचतो. आंबा घाटाच्या आणि विशाळगडाच्या डोंगररांगेत एकदा पावसाने धरले म्हणजे ओढा कधी अडवील, बंधारा कधी पाण्याखाली जाईल आणि एस.टी. कोणत्या फाट्यावरून माघारी फिरेल, याचा भरवसा नसतो. म्हणून ही बेगमी. तिला कोणी साठेबाजी म्हणत नाही. उलट जो ती करीत नाही तो बेफिकीर ठरतो.

या बेगमीत एक वस्तू मात्र बसत नाही. घरात कर्करोगाचा शेवटच्या टप्प्यातला रुग्ण असेल, मणक्याच्या असाध्य दुखण्याने खाटेला खिळलेले माणूस असेल, आणि त्याची वेदना साध्या गोळीने आवरण्यापलीकडे गेलेली असेल, तर त्याला लागणारी ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनची गोळी ठरल्या तारखेच्या आधी मिळत नाही. मुलगा, सून किंवा पुतण्या चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानाशी किंवा रुग्णालयाच्या खिडकीशी जातो. चिठ्ठीवर मागील खेपेची तारीख आणि शिक्का असतो. पलीकडून उत्तर येते, ‘अजून आठ दिवस हाईत की वो, तवा या.’ उत्तर उद्धट नसते, बेकायदा तर नसतेच. आठ दिवसांनी बंधाऱ्यावरून पाणी गेलेले असेल की नाही, हा प्रश्न त्या खिडकीच्या कक्षेत येत नाही, एवढेच.

गोळ्या तारखेच्या आधी संपतातच कशा, असा प्रश्न सहज विचारला जातो, आणि त्या प्रश्नाच्या मागे संशय उभा असतो. त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. तोंडाने घ्यावयाच्या साध्या मॉर्फिनचा अंमल सुमारे चार तास टिकतो. म्हणून दिवसभरात चार चार तासांनी एकेक गोळी आणि रात्री झोपमोड होऊ नये म्हणून निजताना दोन, अशा सहा गोळ्या धरल्या तर तीस दिवसांना एकशे ऐंशी लागतात. आता या नेमाच्या मात्रेतूनही मध्येच उसळी मारणारी कळ असते. कूस बदलताना, शौचाला नेताना, जखम पुसताना ती उठते. तिच्यासाठी जादा मात्रा घ्यावी, हे शास्त्र सांगते. अशा दोनच जादा गोळ्या दिवसाला लागू लागल्या, तर एकशे ऐंशी गोळ्या तेविसाव्या दिवशी संपतात. उरलेला आठवडा कोणी चोरलेला नसतो आणि कोणी विकलेलाही नसतो. रोग हाडापर्यंत पोहोचला, याची ती खूण असते. चांगला वैद्यक अशा वेळी मात्रा वाढवितो आणि जादा गोळ्या धरूनच चिठ्ठी लिहितो. पण चिठ्ठी लिहिली गेली त्या दिवशीचे दुखणे आणि तेविसाव्या दिवसाचे दुखणे एक नसते, आणि त्या दोहोंच्या मध्ये वैद्यकाची गाठ पडणे शाहूवाडीच्या माणसाला सोपे नाही.

अंतराचा विचार केल्याशिवाय ही अडचण कळावयाची नाही. मलकापूर ते कोल्हापूर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. विशाळगडाच्या बाजूचे गाव कोल्हापूरपासून पाऊणशे किलोमीटरच्या घरात. आणि धनगरवाड्यावरून डांबरी रस्त्याला लागेपर्यंतची पायपीट वेगळी. कर्करोगाचे निदान व उपचार कोल्हापुरात किंवा थेट मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झालेले असतात. गिरण्यांच्या काळापासून या तालुक्याचे एक पाऊल मुंबईत आहे, तेव्हा तिथे उतरावयास नातलगाची खोली असते, हे एक सुदैव. पण दरमहा नव्या चिठ्ठीसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसने रुग्णाला नेणे अशक्य आणि रुग्णाशिवाय गेल्यास चिठ्ठी मिळेलच याची खात्री नाही.

अर्थशास्त्रात ज्याला व्यवहारखर्च म्हणतात तो इथे मूळ किमतीला गिळून टाकतो. मॉर्फिनची गोळी ही महागडी वस्तू नव्हे. ती काही रुपयांत मिळणारी, पेटंटाबाहेरची, शतकाहून जुनी वस्तू आहे. एस.टी.चे भाडेही आता पूर्वीइतके जड राहिलेले नाही. पंचाहत्तरी उलटलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आणि स्त्रियांना २०२३ पासून अर्ध्या भाड्यात आहे. खरा खर्च बुडालेल्या दिवसाचा. रोपलावणीच्या पंधरवड्यात तरवा उपटावयाच्या दिवशी घरातले धडधाकट माणूस कोल्हापूरच्या फेरीला गेले, तर त्याची मजुरी तर जातेच, पण पैरा मोडतो. ज्यांनी आपल्या शेतात हात लावले त्यांच्या शेतात आपण त्या दिवशी नसतो. आणि ‘आठ दिवसांनी या’ या उत्तराने ती फेरी एकाच्या दोन होतात. नियमाचा खर्च कोणाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो सरकारने केलेला नसतो आणि दुकानदारानेही केलेला नसतो. तो वाडीवरच्या घराने केलेला असतो.

आता नियम काय आहे ते पाहावयास हवे, कारण या बाबतीत ऐकीव गोष्टीच फार. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांतील पासष्टावा नियम असे सांगतो की, निर्बंधित औषधाची चिठ्ठी एकदाच वापरता येईल. मात्र डॉक्टरने चिठ्ठीवर ती पुन्हा वापरण्याची मुभा लिहिली असेल, किती वेळा व किती अंतराने द्यावे हे नमूद केले असेल, तर त्याप्रमाणे ती पुन्हा चालेल. दुकानदाराने प्रत्येक वेळी आपले नाव, पत्ता व तारीख चिठ्ठीवर टाकावयाची. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-वन अनुसूचीने त्यावर आणखी एक पायरी चढविली. तिच्यातील औषधे देताना डॉक्टर, रुग्ण, औषध व परिमाण यांची वेगळ्या वहीत नोंद करावयाची आणि ती वही तीन वर्षे जपावयाची. ट्रॅमाडॉल या यादीत आले. पुढे एप्रिल २०१८ मध्ये त्याच ट्रॅमाडॉलला १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाच्या कक्षेत घेतले गेले. तेव्हापासून दुकानदाराच्या दृष्टीने ती गोळी औषध कमी आणि जोखीम जास्त झाली. चुकीची विक्री झाल्यास परवाना जाण्याची भीती पूर्वीही होती; आता तुरुंगाची भीती जोडली गेली.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, पासष्टाव्या नियमात बेगमीला वाव आहे. डॉक्टरने एक ओळ लिहावी, ‘पावसाळ्यात दोन महिन्यांचे एकदम द्यावे’ किंवा ‘पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा द्यावे’, म्हणजे दुकानदाराचे हात मोकळे होतात. ती ओळ लिहिली जात नाही. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येत असतील, तर रुग्ण कोणत्या गावचा, त्या गावाला पूल आहे की बंधारा, हे विचारावयास उसंत कोठून मिळावी? शिवाय अशी ओळ लिहिणे म्हणजे स्वतःच्या सहीने जबाबदारी ओढवून घेणे. न लिहिण्याने डॉक्टरचे काही बिघडत नाही, न देण्याने दुकानदाराचे काही बिघडत नाही. दोघेही आपापल्या ठिकाणी शहाणपणानेच वागतात आणि त्या दोन शहाणपणांच्या मध्ये एक माणूस रात्रभर कण्हत राहतो.

या भीतीला इतिहास आहे. १९८५ चा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ पासून अंमलात आला. त्याने बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठेवली, आणि पदार्थाच्या परिमाणानुसार शिक्षेत फरक करावयाची सुबुद्धी कायद्याला २००१ साली झाली. तस्कराला धाक बसावा हा हेतू होता. धाक बसला तो रुग्णालयांना. मॉर्फिन बाळगावयास राज्याराज्यांत चार-चार, पाच-पाच परवाने लागत, ते वेगवेगळ्या खात्यांकडून घ्यावे लागत, आणि एक हाती येईतो दुसऱ्याची मुदत संपलेली असे. परिणाम असा झाला की, देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर पुढील बारा वर्षांत सुमारे सत्त्याण्णव टक्क्यांनी घसरून १९९७ साली अवघ्या अठरा किलोंवर आला. एवढ्या प्रचंड देशाच्या सगळ्या वेदनेला अठरा किलो! वैद्यकांच्या एका अख्ख्या पिढीने हे औषध हाताळलेच नाही, आणि जे हाताळले नाही त्याची भीती पुढच्या पिढीला शिकविली. १९९८ साली दिल्ली उच्च न्यायालयात हा प्रश्न नेला तो एका औषधशास्त्रज्ञाने, ज्याची आई कर्करोगाने मॉर्फिनअभावी तळमळत गेली होती. औषधाचे शास्त्र शिकविणाऱ्याच्या घरी ते औषध आले नाही, मग वाडीवरच्या माणसाचे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

आणि हे कोणत्या देशात? कायदेशीर अफूचा डिंक काढून निर्यात करणारा जगातील एकमेव देश म्हणजे भारत. मध्य प्रदेशातील नीमच-मंदसोरचा पट्टा, राजस्थानातील चितोडगडचा भाग, उत्तर प्रदेशातील बाराबंकीकडची शेते येथे परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत ती जाते. आणि तिचा फार मोठा भाग परदेशांच्या औषध कंपन्यांकडे रवाना होतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात दाखविले की, दुष्काळात माणसे मरतात ती धान्य नसते म्हणून मरतात असे नाही. धान्यावर त्यांचा हक्क पोहोचत नाही म्हणून मरतात. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाबद्दल त्यांनी जे मांडले ते वेदनाशामकाच्या दुर्भिक्षाला अक्षरशः लागू पडते. कोठार भरलेले आहे. त्या कोठारापासून बंधाऱ्यापलीकडच्या खाटेपर्यंत हक्काची साखळी मात्र जागोजाग तुटलेली आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली हिशेब मांडला तेव्हा भारतात गरजेच्या जेमतेम चार टक्के इतकेच मॉर्फिनवर्गीय औषध रुग्णांपर्यंत पोहोचत असल्याचे त्याला आढळले.

संसदेला हे कळले नाही असे नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायद्यात दुरुस्ती केली. वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगासाठी या द्रव्यांची उपलब्धता राखणे हे केंद्र सरकारच्या कर्तव्यांत घातले गेले. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली आणि त्यांच्यासाठी देशभर एकच नियम झाला. परवान्यांची भेंडोळी गेली. राज्याच्या औषध नियंत्रकाने एखाद्या रुग्णालयाला ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून मान्यता दिली की पुरे. संस्थेत या विषयाचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असावा, साठ्याची नोंद असावी आणि पुढील वर्षाच्या गरजेचा अंदाज आगाऊ कळवावा, एवढ्याच अटी. कायदा आता आडवा येत नाही. मान्यता मागणारे पुढे येत नाहीत, हे आजचे दुखणे. अर्ज करावयाचा कोणी, डॉक्टरला शिक्षणाला पाठवावयाचे कोणी, आणि कपाटाची किल्ली कोणाच्या कनवटीला राहावयाची, या तीन प्रश्नांपाशी ग्रामीण रुग्णालयांची गाडी अडते.

इतके लिहून झाल्यावर दुसरी बाजूही मांडणे प्रामाणिकपणाचे होईल, कारण ती हलकी नाही. ट्रॅमाडॉलवर २०१८ साली निर्बंध आले ते उगीच नव्हे. पंजाबात व अन्यत्र तरुणांनी त्या गोळीचा नशेसाठी सर्रास वापर केला, आणि भारतात तयार झालेल्या ट्रॅमाडॉलचे साठे पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांत पकडले गेले. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचे तर सांगावयासच नको. अमेरिकेची कथा याहून दारुण आहे. १९९६ साली पर्ड्यू या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले, त्याचे व्यसन क्वचितच लागते असे डॉक्टरांना पढविले, आणि २००७ साली त्या फसवणुकीची कबुली न्यायालयात दिली. तोवर गावेच्या गावे त्या गोळीच्या नादी लागली होती; पुढे हाच ओघ हेरॉइनकडे आणि बेकायदा फेंटानिलकडे वळला आणि २०२१ या एका वर्षात तेथे लाखाहून अधिक माणसे अतिमात्रेने मेली. जादा गोळ्या मागणारा रुग्ण व्यसनी दिसतो, पण अनेकदा त्याची वेदनाच अपुरी शमविलेली असते, हा १९८९ साली तेथील दोन वैद्यकांनी मांडलेला विचार मुळात चुकीचा नव्हता. तोच विचार विक्रेत्यांच्या हाती गेल्यावर जादा गोळ्या खपविण्याचे साधन झाला. तेव्हा ‘मागेल त्याला द्या’ असे म्हणावयास कोणी सुजाण माणूस धजावणार नाही.

पण त्याच अमेरिकेचा उत्तरार्धही पाहिला पाहिजे. या वर्गातील कडक औषधांची चिठ्ठी तेथे पुन्हा वापरताच येत नाही; प्रत्येक खेपेला नवी चिठ्ठी. २०१६ साली तेथील रोगनियंत्रण केंद्राने मात्रेबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. विमा कंपन्यांनी, दुकानांच्या साखळ्यांनी व राज्यांनी त्या सूचनांचे आकडे कायद्यासारखे वापरले, आणि वर्षानुवर्षे स्थिर मात्रेवर असलेल्या रुग्णांच्या गोळ्या एकाएकी तोडल्या गेल्या. एप्रिल २०१९ मध्ये तेथील औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला की, ही औषधे अचानक बंद केल्याने तीव्र वेदना, शरीराची ओढाताण आणि आत्महत्या असे अनर्थ घडतात. २०२२ साली मूळ सूचनाच सुधाराव्या लागल्या. म्हणजे एका टोकाचा प्रमाद दुसऱ्या टोकाने भरून निघाला नाही. दोन्ही प्रमाद वेगवेगळ्या माणसांच्या अंगावर पडले. शिवाय आपली अवस्था अमेरिकेसारखी कधी नव्हतीच. जेथे चार टक्के पोहोचते तेथे अतिसाराची भीती दाखवून उपाशी माणसाचे ताट ओढण्यात काय शहाणपण?

संख्याशास्त्रात प्रमादाचे दोन प्रकार शिकवितात. नको त्याला देणे हा एक, आणि हवे त्याला नाकारणे हा दुसरा. आपली सारी यंत्रणा पहिल्या प्रमादाची मोजदाद ठेवण्यासाठी रचलेली आहे. एच-वनची वही उघडली तर कोणाला किती दिले ते सापडते. तपासणीस येतो तो ती वही पाहतो. पण चिठ्ठी खरी, रुग्ण खरा, दुखणे खरे, आणि तरीही तारीख आली नाही म्हणून किंवा साठा नाही म्हणून किती जण परत गेले, त्याची वही कोठल्याच दुकानात वा रुग्णालयात नसते. जे मोजले जात नाही त्याबद्दल कोणाला जाब विचारला जात नाही. आणि ज्याबद्दल जाब नाही तो प्रमाद करणे नोकरदाराला नेहमीच सुरक्षित वाटते. रेशनच्या जमान्यात निदान कार्डावर न उचललेल्या कोट्याची नोंद तरी सापडे.

नाकारलेला माणूस पुढे काय करतो, हेही पाहावे. तो बाजारात सहज मिळणाऱ्या डायक्लोफिनॅक वर्गातील गोळ्यांकडे वळतो. कागदोपत्री त्यांनाही चिठ्ठी लागते. व्यवहारात कोणी विचारत नाही. त्या गोळ्या दिवसाला चार-पाच, महिनोन्‌महिने घेतल्या तर जठरात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. (याच डायक्लोफिनॅकवर जनावरांच्या उपचारात २००६ साली बंदी आली, ती मेलेली गुरे खाऊन गिधाडे मरू लागली तेव्हा. गिधाडांची शिरगणती झाली म्हणून तो अपाय दिसला.) म्हणजे निर्बंध असलेली गोळी जाणत्या देखरेखीखाली अधिक सुरक्षित आणि मोकाट मिळणारी गोळी अधिक घातक, अशी उलटी बाजारपेठ आपण तयार केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. पहिल्या पायरीवर साधी वेदनाशामके, दुसरीवर कोडीनसारखी सौम्य आणि तिसरीवर मॉर्फिन; आणि ती घड्याळाच्या काट्यावर द्यावीत, कळ उठण्याची वाट पाहू नये, असे बजावले. शाहूवाडीत त्या शिडीची पहिलीच पायरी सहज हाताशी आहे. वरच्या दोन पायऱ्यांवर चढावयास तारीख पाहावी लागते, आणि तारखेला रस्ता असावा लागतो.

रस्त्याचा हा मुद्दा कोणास अतिशयोक्त वाटत असेल तर त्याने ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ आठवावेत. पंचगंगेला पूर आला, कोल्हापूर-रत्नागिरी मार्ग पाण्याखाली गेला, पुणे-बंगळूर महामार्ग दिवसेंदिवस बंद राहिला; २०२१ मध्ये तर आंबा घाटातही दरडी कोसळून कोकणाकडची वाट अडली. तेव्हा शाहूवाडीची मागची व पुढची अशी दोन्ही दारे लागली. कासारी, कडवी आणि वारणा या नद्यांवरील कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, ज्यांच्यावरून एरवी माणसे व वाहने जातात, ते तर पूर नसतानाही दरवर्षी पाण्याखाली जातात. अशा वेळी दूरध्वनीवरून डॉक्टरचा सल्ला घ्यावा, ही अगदी सहज सुचणारी वाट. पण मार्च २०२० मध्ये दूरसल्ल्याची जी मार्गदर्शक सूत्रे निघाली त्यांनी गुंगीकारक व मनोव्यापारांवर परिणाम करणारी औषधे लिहून देण्यास मनाई केली. अनोळखी माणसाला फोनवरून अशी चिठ्ठी देऊ नये हे योग्यच. परंतु ज्या रुग्णाला त्याच डॉक्टरने महिनाभरापूर्वी तपासले आहे, ज्याचे निदान कागदोपत्री पक्के आहे, त्याला पुराच्या आठवड्यात तीच मात्रा पुढे चालू ठेवण्याची चिठ्ठी का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर त्या सूत्रांत सापडत नाही.

करावयाचे ते फार खर्चाचे नाही. केरळने १९९३ पासून कालिकतच्या एका छोट्या संस्थेतून सुरुवात केली, २००८ साली राज्याचे धोरण केले, आणि ग्रामपंचायतींच्या मदतीने परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. परिचारिका खाटेशी जाते तेव्हा दोन प्रश्न एकदम सुटतात. उरलेल्या गोळ्या तिच्या डोळ्यांदेखत मोजल्या जातात, म्हणून गळतीचा संशय उरत नाही. आणि कळ वाढल्याचे ती स्वतः पाहते, म्हणून रुग्णाला आपली वेदना सिद्ध करावी लागत नाही. महाराष्ट्र या विषयात अगदीच कोरा नाही. देशातील पहिले शुश्रूषागृह, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला उभे राहिले, आणि १९९७ पासून पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र चालले आहे. पण या दोन्ही गोष्टी पुणे-मुंबईच्या. ग्रामपंचायतीच्या निधीतून रस्त्यावर दिवे लागतात, तशी गावगटामागे एक प्रशिक्षित परिचारिका का लागू नये? आशा कार्यकर्ती वाडीवर जातेच. ती गोळी देऊ शकणार नाही, पण उरल्या किती याची मोजणी व कळ किती याची खूण वहीत करू शकेल, आणि ती वही तालुक्याच्या डॉक्टरसमोर ठेवता येईल.

मान्यताप्राप्त संस्थेचा दर्जा जिल्ह्याच्या ठिकाणी असून भागत नाही. डोंगरी तालुक्यात तो तालुक्याच्या रुग्णालयालाच असावयास हवा, मग तो तालुका शाहूवाडी असो, गगनबावडा असो की राधानगरी. औषध नियंत्रकांनी डॉक्टरांना आणि दुकानदारांना एक साधे पत्रक काढून कळवावे की, पासष्टाव्या नियमानुसार अंतर व संख्या लिहिलेली चिठ्ठी ग्राह्य आहे, आणि तिच्याप्रमाणे औषध देणारा दोषी नाही. अनेकांची भीती कायद्याची नसून कायद्याविषयीच्या ऐकीव माहितीची आहे; पत्रकाने तिचा निम्मा भाग तरी ओसरेल. नाकारलेल्या चिठ्ठीवर तारीख व कारण लिहून सही करण्याची सक्ती दुकानदारावर आणि रुग्णालयाच्या खिडकीवर असावी. त्या एका ओळीने रुग्णाच्या हाती पुरावा येईल आणि तपासणीसाला दुसऱ्या प्रमादाची मोजणी करता येईल. या सूचनेला व्यापाऱ्यांचा विरोध होईल, हे उघड आहे.

आणि बेगमीचे तेवढे राहिले. मान्यताप्राप्त संस्थेला पुढील वर्षाच्या गरजेचा अंदाज आगाऊ द्यावा लागतोच. तो अंदाज बारा महिन्यांना समान भागून देण्याची लेखनिकांची रीत डोंगरी तालुक्याला लावू नये. किराणा दुकानदार मे महिन्यात दुप्पट माल भरतो, रास्त भावाच्या दुकानात पावसाळ्याचे धान्य आगाऊ पाठविण्याची प्रथा दुर्गम भागांत आहे. त्याच न्यायाने जून ते सप्टेंबरचा साठा मे अखेर तालुक्याच्या कपाटात असावा, आणि बंधाऱ्यापलीकडच्या रुग्णांची यादी करून त्यांना मृगाच्या आधी दोन महिन्यांच्या गोळ्या, मोजून, सहीने, कुलपाच्या डबीत द्याव्यात. डबीची किल्ली घरातल्या एकाच माणसाकडे असावी. रुग्ण गेला तर उरलेल्या गोळ्या आशा कार्यकर्तीच्या समक्ष मोजून परत घ्याव्यात. यंदाची रोपलावण सुरू होईल तेव्हा पश्चिम पट्ट्यातील किती घरांत अशी डबी असेल, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्याला मे महिन्यातच सांगता आले पाहिजे.